शोधणाऱ्यांच्या शब्दांची वही : आमची वाटचाल

‘ताई, जरा इंटरनेट लावून द्या की.’

२००४ साली सांगलीत विश्रामबागेला आम्ही सायबर कॅफे काढला, तेव्हा हे वाक्य दिवसातून वीसदा तरी कानावर पडायचं. सहा संगणक, मध्ये प्लायवूडचे आडोसे, तासाला वीस रुपये आणि काउंटरवर मी. बाई बसलेली असते म्हणून आईवडील मुलींना आमच्याकडे निर्धास्त पाठवायचे. नवरा दिवसभर छापखान्यात डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवायचं काम करायचा, संध्याकाळी येऊन बिघडलेली मशिनं खोलून बसायचा.

‘इंटरनेट लावून द्या’ याचा अर्थ माणसागणिक वेगळा होता. कुणाला याहू मेसेंजरवर दुबईतल्या भावाशी बोलायचं असे, कुणाला रेल्वेचं तिकीट काढायचं असे, कुणाला बारावीचा निकाल बघायचा असे. ज्यांना कीबोर्डची सवय नव्हती ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसत आणि तोंडानं सांगत. ‘पोराला कमी मार्क पडलेत, डिप्लोमाला कुठं घेतील बघा.’ ‘आईच्या डोळ्यात पडदा आलाय म्हणतात, म्हणजे काय ते काढा.’ मी ऐकायचे, त्याचे इंग्रजीत चार शब्द करायचे, टाइप करायचे आणि जे येईल ते मराठीत वाचून दाखवायचे. आज मागे वळून बघताना वाटतं, आमचा खरा धंदा तोच होता. संगणक तर भाड्यानं कुठंही मिळत होता.

येणाऱ्याचं नाव आणि ओळखपत्र लिहायला कॅफेत रजिस्टर ठेवावं लागे. त्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर मी लोकांचे प्रश्न लिहायला लागले. कारण साधं होतं, आज विचारलेला प्रश्न उद्या दुसरा कुणीतरी विचारणारच. प्रश्न लिहिताना मी तो सुधारत नव्हते. माणूस जसा बोलला तसाच उतरवायचे. त्या वह्या आता सतरा झाल्या आहेत. आज आम्ही दुकानदारांना वेबसाइट करून देणारी फर्म चालवतो. तिचं भांडवल काय, असं कुणी विचारलं तर मी त्या वह्यांकडे बोट दाखवते.

ऑर्कुटचे दिवस

ऑर्कुट ही मित्र जोडायची वेबसाइट २००४ च्या जानेवारीत सुरू झाली, पण आमच्याकडे तिचं वारं खऱ्या अर्थानं २००६ च्या सुमाराला शिरलं. कॉलेज सुटलं की सहाच्या सहा मशिनांवर ऑर्कुट. स्क्रॅप म्हणजे एकमेकांना निरोप लिहायचे, टेस्टिमोनियल म्हणजे आपल्याबद्दल चार चांगले शब्द मागायचे, आपल्या गावाच्या नावाची कम्युनिटी शोधायची. त्या मुलांकडून मला पहिल्यांदा कळलं की लोकांना इंटरनेटवर माहितीच हवी असते असं नाही. ‘माझ्या शाळेतलं कुणी आहे का इथं’ हाही शोधच असतो. वहीत तेव्हाची एक नोंद आहे : ‘मॅडम, एका मुलीचं नाव टाकून बघायचंय, फक्त बघायचंय.’ मी त्याला मदत केली नाही, आणि ते बरंच केलं असं आजही वाटतं.

मराठीत लिहायची सोय तेव्हा जवळजवळ नव्हतीच. मशिनवर विंडोज एक्सपी होतं. त्यात देवनागरी नीट दिसायला मूळ सीडी घालून सेटिंग बदलावं लागायचं, नाहीतर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. आम्ही सहाही मशिनांवर ते करून घेतलं आणि मंगल फॉन्टमध्ये दिसणारं पहिलं मराठी पान बघायला मी आजूबाजूच्या चार जणांना बोलावलं. एक निवृत्त गुरुजी स्क्रीनला हात लावून म्हणाले, ‘हे आपलंच आहे की.’ त्यानंतर ते रोज येऊन मराठी विकिपीडिया वाचायचे.

पहिली वेबसाइट, आणि ती कुणालाच का सापडली नाही

२००९ मध्ये बेदाण्याचे एक व्यापारी आमच्याकडे वेबसाइट करून मागायला आले. तासगाव-सांगली हा बेदाण्याचा मोठा बाजार, दिल्लीपासून ग्राहक. नवऱ्याला डीटीपी येत होतं, मला इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं. आम्ही ते काम घेतलं आणि तिथून आमच्या फर्मची सुरुवात झाली.

वेबसाइट दिसायला सुंदर झाली. मराठीचं पान, इंग्रजीचं पान, शेडवर वाळणाऱ्या द्राक्षांचे फोटो. पण सहा महिन्यांत त्या मराठी पानावर एकही माणूस गूगलमधून आला नाही. कारण शोधायला आम्हाला बरेच दिवस लागले. मराठी मजकूर नवऱ्यानं छापखान्याच्या सवयीनं जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. असल्या फॉन्टमध्ये डोळ्यांना ‘बेदाणा’ दिसतं, पण संगणकाच्या पोटात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. फॉन्ट काढून घेतला की अर्थ गेला. गूगलला तिथं मराठी शब्दच दिसत नव्हता, तर तो दाखवणार काय? सगळा मजकूर आम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळतं अशा पद्धतीत, परत टाइप केला.

हा घोळ आमच्यापुरता नव्हता. त्या काळातली कितीतरी मराठी वर्तमानपत्रं, संस्था, दुकानं आपापल्या फॉन्टमध्ये अडकून शोधापासून लांब राहिली. दुसरा प्रकार म्हणजे मराठी बॅनरचा फोटो काढून तोच वेबसाइटवर चिकटवायचा. लोकांना वाटायचं मराठीत इंटरनेटवर काही नाही. होतं, पण कुलूपबंद होतं. याबद्दल मला अजूनही वाईट वाटतं, कारण त्या दहा-बारा वर्षांत मराठी माणसाला एक सवय लागून गेली : शोधायचं ते इंग्रजी लिपीतच. आज मोबाइलवर मराठी कीबोर्ड असूनही लोक ‘हळदीचा भाव’ रोमन अक्षरांत लिहितात, त्याचं मूळ मला तिथं दिसतं.

युनिकोडमध्ये आणूनही पान फारसं चाललं नाही. आम्ही वही काढली. व्यापाऱ्यांचा शब्द ‘बेदाणा’. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाचा शब्द ‘मनुका’. उत्तरेकडचा माणूस ‘किशमिश’ म्हणणार. आणि रोमनमध्ये प्रत्येकाची चार-चार स्पेलिंगं. आमच्या पानावर फक्त ‘उच्च प्रतीचा बेदाणा’ होतं. विकणाऱ्याची भाषा आणि शोधणाऱ्याची भाषा वेगळी असते, हे मी कॅफेत रोज बघत होते आणि स्वतःच्या कामात मात्र विसरले होते.

आमची चूक

ही गोष्ट सांगायलाच हवी. २०११ च्या सुमाराला आम्हाला सगळ्यांना वर यायची घाई झाली होती. कुणीतरी सांगितलं की बाहेरच्या शेकडो साइटवर आपल्या लिंक टाकल्या की गूगलमध्ये वर येतं. आम्ही पैसे देऊन तशा लिंक घेतल्या. पानांच्या तळाशी एकच शब्द पन्नास वेळा लिहिला. आठ-नऊ ग्राहकांच्या साइट खरोखरच वर आल्या, आम्ही खूश झालो.

२०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलनं ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला. तो नेमका असल्या विकतच्या लिंकांवर होता. काही दिवसांत आमच्या ग्राहकांच्या साइट नाहीशा झाल्यासारख्या खाली गेल्या. प्रत्येकाच्या दुकानात जाऊन मी स्वतः सांगितलं की हे आमच्यामुळे झालं. दोघांनी काम काढून घेतलं, ते योग्यच होतं. बाकीच्यांचं काम आम्ही वर्षभर फुकट दुरुस्त केलं. त्या वर्षी कॅफेचे शेवटचे दोन संगणकही विकले.

कॅफे तसाही संपत आला होता. ऑर्कुटची गर्दी फेसबुककडे गेली होती आणि फेसबुक हळूहळू मोबाइलवर. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं, त्या आठवड्यात जुन्या गिऱ्हाइकांपैकी तिघं-चौघं ऑफिसात येऊन ‘आमचे फोटो निघतील का’ विचारून गेले. काहींचे काढून दिले, काहींना पासवर्डच आठवेना.

मिरजेचे तानपुरे

आमच्या कामातलं सगळ्यात जवळचं काम मिरजेचं आहे. मिरजेच्या तंतुवाद्यांची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी सतारी, तानपुरे घडवायला घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या ते काम टिकवलं. सतारमेकर गल्लीतून चाललं की अजूनही भोपळ्याला लागलेल्या रंगाचा आणि लाखेचा वास येतो. भोपळे पंढरपूरच्या बाजूनं येतात. भारतातले मोठमोठे गवई ज्यांच्या तानपुऱ्यावर गातात, त्या कारागिरांचा इंटरनेटवर मात्र पत्ता नव्हता.

२०१३ मध्ये तिथल्या एका चाचांनी आम्हाला बोलावलं. त्यांच्या पाटीवर होतं ‘तंतुवाद्य निर्माते’. आम्ही वेबसाइटवरही तेच लिहावं असं त्यांना वाटत होतं, आणि शब्द सुंदरच आहे. पण मी महिनाभर त्यांच्या दुकानात दर शनिवारी बसले. येणारं गिऱ्हाईक काय म्हणतं ते लिहून घेतलं. ‘तानपुऱ्याची जवारी गेलीय.’ (म्हणजे तारेचा घुमारा गेलाय.) ‘खुंटी सरकते.’ ‘मुलीला गाणं शिकायचंय, लहान तंबोरा आहे का?’ ‘भोपळ्याला तडा गेला, जोडता येतो का?’ ‘बायकांच्या पट्टीचा मिळेल का?’ एकानंही ‘तंतुवाद्य’ म्हटलं नाही.

एका वाद्याचे किती शब्द! आपण म्हणतो सतार, हिंदीत सितार. आपल्याकडे जुनी माणसं तंबोरा म्हणतात, तरुण मुलं तानपुरा. रोमनमध्ये त्याची आणखी पिल्लं. अमेरिकेत मुलांना गाणं शिकवणाऱ्या मराठी बाई शोधतात ते इंग्रजीतून, पण ‘जवारी’ हा शब्द तसाच ठेवून, कारण त्याला दुसरा शब्दच नाही. आम्ही ‘जवारी’ या एका शब्दावर मोठं पान केलं. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी म्हणजे काय, तारा तिच्यावरून जाऊन जाऊन ती झिजते कशी, कारागीर कानसानं घासून तिला परत बोलकं कसं करतो, तारेखालचा सुताचा धागा केसभर सरकवला की आवाज कसा उघडतो. चाचा सांगत होते, मी लिहीत होते. दुकानाची जाहिरात त्यात शेवटच्या दोन ओळींत.

त्या पानावर पहिला फोन बेळगावहून आला. दुसरा न्यू जर्सीहून. ते गृहस्थ म्हणाले, ‘माझ्या आईचा तानपुरा आहे, पंधरा वर्षं कपाटावर पडलाय. तुमचं वाचल्यावर कळलं की तो बिघडलेला नाही, नुसती जवारी गेलीय.’ पुढच्या सुट्टीत ते तो तानपुरा घेऊन मिरजेला आले. आले, पण दुकान सापडेना. नकाशावरची आमची खूण गल्लीत नव्हती, पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर होती. उन्हात वाद्य घेऊन माणूस तासभर फिरला. त्या दिवसापासून आमचा नियम आहे, नकाशावर खूण लावायची ती स्वतः त्या उंबऱ्यावर उभं राहूनच.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या आठवड्यात ‘मिरज तानपुरा’ असं शोधून येणारे अचानक वाढले. बातमी वाचायची, मग तोच शब्द शोधायचा, ही रीत आता पक्की झाली आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळालं तेव्हाही आम्ही हेच पाहिलं होतं, आणि तेव्हा आमच्या हळद व्यापाऱ्याचं पान तयार नव्हतं. मिरजेच्या वेळी होतं.

डेटा स्वस्त झाला

२०१५ च्या एप्रिलमध्ये गूगलनं मोबाइलवर नीट न उघडणाऱ्या साइट मोबाइलच्या शोधात मागे टाकायला सुरुवात केली. आम्ही सगळं काम नव्यानं केलं, दोन पगार उशिरा झाले. त्याहून मोठा बदल ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आल्यावर झाला. एक जीबीला अडीचशे रुपये मोजणारी माणसं तो महिनाभर पुरवून वापरायची. आता डेटा मोजायची गरज उरली नाही, आणि जे आजवर वाचत नव्हते ते बघायला लागले.

द्राक्षबागायतदारांचं उदाहरण सांगते. आधी ते औषधाच्या दुकानात जाऊन विचारायचे. मग रोग पडलेल्या वेलाच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला लागले : ‘डाउनी आहे की करपा?’ त्यानंतर यूट्यूब. ऑक्टोबर छाटणी झाली आणि ढग आले की मिरज-तासगावच्या बागांत रात्री अकरालाही मोबाइल चालू असतात. यूट्यूब त्यांच्यासाठी करमणूक नाही, शोधयंत्र आहे. तिथं ते लांबलचक वाक्य टाकतात, ‘फुलोऱ्यात पाऊस झाला तर डाउनीला काय मारायचं’. उत्तर देणारा आपल्याच भागातला, आपल्यासारखं बोलणारा असला की शेवटपर्यंत बघतात. आमच्या एका कृषी सेवा केंद्राच्या ग्राहकाला आम्ही स्टुडिओ नको म्हणालो. बागेतच उभं राहून, वेलाचं पान हातात धरून बोला. आणि तारीख सांगूनच सुरुवात करा, कारण दोन वर्षांपूर्वीचा सल्ला यंदाच्या हवेला लागू पडत नाही.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये गूगलनं मराठीत बोलून टाइप करायची सोय दिली. मला तो दिवस आठवतो. सासूबाईंच्या हातात फोन दिला आणि माइकचं चिन्ह दाखवलं. त्या जरा बिचकल्या, मग म्हणाल्या, ‘आज संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता आहे?’ अक्षरं उमटली. पूर्ण वाक्य, शेवटी ‘आहे’ सकट. तेरा वर्षांपूर्वी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसणारी माणसं अशीच बोलायची. मध्ये मी होते, आता कुणी नव्हतं. मला त्याचा आनंदच झाला.

त्या संध्याकाळी आम्ही जुन्या वह्या परत काढल्या. टाइप करणारा माणूस शब्द वाचवतो, ‘चंद्रोदय सांगली’ लिहितो. बोलणारा माणूस प्रश्न विचारतो. तेरा वर्षांच्या माझ्या नोंदी सगळ्या बोललेल्या प्रश्नांच्या होत्या. ग्राहकांच्या पानांवर आम्ही मथळ्यांच्या जागी तसे प्रश्नच घातले.

चंद्रोदयावरून आठवलं. गावभागात एक काकू उकडीचे मोदक करून देतात. त्यांनी आमच्याकडून काहीच करून घेतलं नाही, उलट मीच त्यांच्याकडून शिकले. व्हॉट्सॲपवर २०१७ मध्ये स्टेटस आलं तेव्हापासून त्या दर संकष्टीच्या आदल्या दिवशी दुपारी चारला उकडीचा फोटो टाकतात आणि खाली ‘उद्या’ एवढंच लिहितात. अंगारकी असेल तर दोन दिवस आधी. ज्यांच्याकडे त्यांचा नंबर आहे तेवढेच बघतात, पण ते सगळे मोदक खाणारे असतात. फेसबुकवर हजारोंपर्यंत पोचण्याच्या गोष्टी आम्ही करत होतो, आणि काकूंचे मोदक संध्याकाळपर्यंत संपलेले असायचे.

२०१८

त्या वर्षी जानेवारीत फेसबुकनं ठरवलं की लोकांना दुकानांच्या पानांपेक्षा मित्र-नातलगांचं जास्त दाखवायचं. आमच्या ग्राहकांच्या पोस्ट पोचेनाशा झाल्या. ज्यांनी वर्षानुवर्षं पान वाढवलं होतं त्यांना आता आपल्याच लोकांपर्यंत जायला पैसे मोजावे लागणार होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपचं व्यवसायासाठीचं वेगळं ॲप आलं, आणि सगळे तिकडे वळले. ‘दहा हजार नंबर आहेत, मेसेज सोडून द्या,’ असं सांगणारे ग्राहक रोज यायला लागले. काही महिने आम्हीही ते केलं.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथं जमावानं पाच जणांना मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेवर फिरणारी माणसं, त्यातली बहुतेक मंगळवेढा तालुक्यातली. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. तसाच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही चार दिवस आधी आला होता. मी वाचला होता आणि काही न बोलता सोडून दिला होता. ते मला अजून सलतं. आम्ही मेसेज पोचवण्याचा धंदा करत होतो. कुठलाही मेसेज कसा वेगानं जातो हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्या महिन्यातच भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा व्हॉट्सॲपनं घातली. आम्ही घाऊक मेसेजचं काम पूर्ण बंद केलं. उत्पन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. घरात त्यावर बराच वाद झाला, आणि शेवटी नवराच म्हणाला, ‘बंद म्हणजे बंद.’

खोट्या परीक्षणांचंही तसंच. एका हॉटेलवाल्यानं आमच्याकडे पन्नास पाच-तारांकित अभिप्राय लिहून मागितले. आम्ही नाही म्हणालो, ते काम दुसऱ्यानं केलं. घरापासून लांब आलेला माणूस रात्री जेवायचं ठिकाण शोधताना त्या ताऱ्यांवर भरवसा ठेवतो. त्याला फसवायला मी काय म्हणून मदत करू?

‘आज’ या शब्दाला तारीख नसते

२०१९ च्या ऑगस्टचा महापूर सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, पण गावभागात काकूंचं घर बुडालं होतं.

त्या आठवड्यात सांगलीत माणसं एकच गोष्ट शोधत होती : आयर्विनला आता किती? त्याखालोखाल कोयना धरणातून किती सोडलं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती जातंय. गूगलवर वर येत होत्या त्या आदल्या दिवशीच्या बातम्या. व्हॉट्सॲपवर ‘आज पाणी ५२ फूट, रात्री आणखी दोन फूट वाढणार’ असा मेसेज आला, आणि तोच मेसेज दोन दिवस फिरत राहिला. आज म्हणजे कोणता आज? जुन्या पुरांचे व्हिडिओ, दुसऱ्या राज्यांतल्या पुरांचे व्हिडिओ, सगळं सांगलीचं म्हणून चाललं होतं. पाणी उतरतंय हे कळायला हवं त्या वेळी लोक वाढीच्या मेसेजनं घाबरून गच्चीवर बसून होते, आणि वाढत होतं तेव्हा काही जण जुना आकडा बघून घरातच थांबले होते.

आम्ही ऑफिसातल्या सहा जणांनी एक साधं पान उघडलं. ग्राहकांच्या परवानगीनं त्यांची फेसबुक पानंही वापरली. प्रशासनानं दिलेली पातळी, शेजारी तारीख आणि घड्याळातली वेळ, आणि ‘यापूर्वीचा आकडा इतका होता’. बाकी काहीही नाही. चित्र नको, कारण अनेक ठिकाणी नेटवर्क कसंबसं येत होतं. कुणी फोन करून विचारलं तर तोंडी सांगायचो. दर तासाला, रात्रीसुद्धा. नोकरीला लागून तीन महिने झालेली आमच्याकडची मुलगी रात्री दोन ते पहाटे सहाची पाळी स्वतःहून मागून घ्यायची. तिचं माहेर नदीकाठचं होतं, झोप तिला तशीही येत नव्हती.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा ते पान आधीच तयार होतं. आता दर पावसाळ्यात आम्ही ते जागं करतो. त्याचे पैसे कुणाकडून घेत नाही, त्यावर कुणाची जाहिरातही लावत नाही.

टाळेबंदी आणि पुढे

२०२० च्या मार्चमध्ये मैफली थांबल्या, गाण्याचे क्लास थांबले, मिरजेत दुकानं बंद. चाचांच्या नातवानं घरात बसून मोबाइलवर एक व्हिडिओ काढला. आधी बंद पडलेल्या जवारीचा मुका आवाज, मग घोडीवर कानस, मग धागा सरकवणारं आजोबांचं बोट, आणि उघडलेला षड्ज. जेमतेम अर्धा मिनिट, बोलणं एक अक्षर नाही. जुलैमध्ये इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणले तेव्हा त्यानं तो तिथं टाकला. त्यावर दुरुस्तीच्या इतक्या विचारणा आल्या की टाळेबंदी उठेपर्यंत त्यांची यादी झाली होती. तो व्हिडिओ आमच्या फर्मनं केलेला नाही. आम्ही एवढंच सांगितलं की फोन नंबर आणि गल्लीचं नाव खाली लिही.

त्याच वेळी तासगाव तालुक्यातला एक तरुण आमच्याकडे रडकुंडीला येऊन बसला होता. शेतातले विनोदी व्हिडिओ करून त्यानं टिकटॉकवर मोठा चाहतावर्ग जमवला होता. २९ जून २०२० ला केंद्र सरकारनं ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. एका रात्रीत त्याचं सगळं गेलं. त्याला आम्ही यूट्यूबवर नव्यानं सुरुवात करून दिली आणि ज्यांनी त्याच्याकडून कधी काही घेतलं होतं त्यांचे नंबर एका साध्या वहीत लिहायला लावले. ऑर्कुट गेलं तेव्हा फोटो मागायला आलेली माणसं मला त्या दिवशी आठवत होती.

गेल्या दोन-तीन वर्षांतला बदल सगळ्यात वेगळा आहे. कॉलेजची मुलं जेवायचं ठिकाण गूगलवर शोधतच नाहीत, इन्स्टाग्रामवर शोधतात, कारण त्यांना ताट बघायचं असतं. वस्तूचं नाव माहीत नसेल तर लोक तिचा फोटो काढून शोधतात. मिरजेच्या दुकानाला एकानं नुसत्या खुंटीचा फोटो पाठवला आणि ‘हे’ मागवलं. २०२२ च्या नोव्हेंबरअखेरीला चॅटजीपीटी आलं, २०२४ च्या ऑगस्टपासून गूगलही भारतात शोधाच्या वरतीच तयार उत्तर द्यायला लागलं. उत्तर तिथंच मिळालं की माणूस खाली येत नाही. आमच्या ग्राहकांच्या साइटवर येणारे कमी झाले आहेत, हे मी त्यांना लपवून ठेवत नाही. पण मिरजेला फोन तितकेच येतात. जवारी कशी काढतात हे यंत्र सांगेल, काढणार चाचाच.

मला काळजी वेगळ्या गोष्टीची वाटते. हे यंत्र उत्तर देतं ते कुणीतरी आधी लिहून ठेवलेल्या मजकुरावरून. मराठीत लिहिलेलंच कमी असेल तर उत्तरं दुसऱ्या कुणाच्या अनुभवातली येणार. द्राक्षाच्या रोगावर विचारलं तर परदेशातल्या बागेतलं उत्तर, तेही इकडे न मिळणाऱ्या औषधाचं. म्हणून यंदा आम्ही नवं काम हातात घेतलं आहे. हळदीचे जुने व्यापारी, बेदाण्याच्या शेडवरच्या बायका, हरिपूरला जमिनीतल्या पेवांमध्ये हळद साठवलेली ज्यांनी पाहिली ती माणसं, यांच्याकडे जाऊन बसायचं, त्यांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं आणि युनिकोडमध्ये, सगळ्यांना सापडेल असं ठेवायचं. खर्च ऑफिसचाच. रात्रपाळी मागून घेणारी ती मुलगी आता या कामाची प्रमुख आहे.

गेल्या शनिवारी ती हरिपूरहून आली आणि वही माझ्यापुढे ठेवली. सतराव्या वहीचं शेवटचं पान भरलं होतं. एका आजींनी नातवाच्या फोनला विचारलेला प्रश्न तिनं जसाच्या तसा उतरवला होता : ‘आमच्या पेवातली हळद इतकी वर्षं कशी काय टिकायची, ते कुणी सांगंल का?’ फोनला उत्तर आलं नव्हतं. खाली पोरीनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘उत्तर आजींनाच माहीत आहे, मंगळवारी परत जायचं.’ मी कपाटातून अठरावी वही काढून तिच्या हातात दिली.